ज्याचे त्याचे 150 पॉइंट

सगळ्यांना सारखंच वाटून दिलं की भांडणं मिटतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी चार मित्रांसाठी गेम मास्टर, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फासे टाकत खेळायच्या गोष्टीच्या खेळाचा सूत्रधार, होऊन बघावं.

क्लास, म्हणजे पात्राचा ठरलेला पेशा, असलेल्या खेळात बरं असतं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये 1974 पासून लढवय्या हा लढवय्या आणि जादूगार हा जादूगार. तक्रार असली तर पुस्तकाकडे बोट दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. 'गर्प्स' या दुसऱ्या अशाच खेळात ती सोय नाही. तिथे हातात 150 पॉइंट ठेवतात आणि म्हणतात, घे, नायक विकत घे. ताकद, चपळाई, बुद्धी, प्रकृती हे चारही गुण 10 वर सुरू होतात. ताकद किंवा प्रकृती एकाने वाढवायला 10 पॉइंट, चपळाई किंवा बुद्धीला 20. उरतील त्यात कौशल्यं.

कोऱ्या कागदाकडे बघत बसायला आमच्याकडे कुणी तयार नव्हतं, म्हणून चार तयार साचे करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लढवय्या, जादूगार, चोर, वैद्य. प्रत्येकी बरोबर 150, ना एक कमी, ना एक जास्त. सगळ्यांची मन:शांती संपली ती तिथे.

पहिली तक्रार लढवय्याची. हा माणूस एरवी बेरीज-वजाबाकीच्या वाटेला जात नाही. पण दुसऱ्याला स्वस्त मिळालंय असा नुसता संशय आला, की त्याच्यातला हिशोबनीस जागा होतो. तीन फासे टाकायचे आणि बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली की यश. "तलवार 12 वरून 13 केली की शक्यता 74.1 टक्क्यांवरून 83.8 वर जाते," तो म्हणाला, "आणि 15 वरून 16 केली की 95.4 वरून 98.1. दोन्हीला 4 पॉइंट? हा कुठला न्याय?" मी समजूत काढली, "अरे, वरचा आकडा अवघड वारांसाठी असतो. शत्रूच्या डोळ्यावर नेम धरलास तर 9 वजा होतात, तेव्हा तो कामाला येतो." हे सांगायला नको होतं असं नाही, पण तेव्हापासून तो फक्त डोळ्यावरच वार करतो. 16 मधून 9 गेले, राहिले 7. 7 किंवा कमी पडण्याची शक्यता 16 टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या 84 टक्के वेळा त्याच्या मते दोष साच्याचा असतो.

जादूगार मात्र काहीच बोलत नव्हता. गप्प बसलेल्या खेळाडूचा कागद आधी तपासावा. बुद्धी 14 चे 80, जादूच्या अंगभूत शक्तीचे 35, झाले 115. इथून पुढे बहुतेक मंत्र एकेका पॉइंटाला, आणि प्रत्येक थेट 15 वर! एकीकडे चोराने कुलपांवर पॉइंट ओतलेले, आणि याच्याकडे कुलूप उघडायचा मंत्र एका पॉइंटात. त्याआधी शिकावे लागणारे मंत्रही एकेका पॉइंटाचेच. मंत्रांनी थकवा येतो हे खरं. पण दार उघडून दमलेल्या जादूगारापेक्षा त्या दाराशी हातात हत्यारं घेऊन नुसता उभा राहिलेला चोर जास्त केविलवाणा दिसतो.

चोराचाही मला फारसा कळवळा नाही. सुरुवातीच्या स्वस्त पायऱ्या संपल्या की एक कौशल्य एकाने वाढवायला 4 पॉइंट, म्हणजे पाच कौशल्यांना 20. तेवढ्यात चपळाईच एकाने वाढते आणि तिच्यावर चालणारं सगळं काही सोबत वर सरकतं. सहाव्या कौशल्यापासून पुढचं फुकट. हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

मग अडचणींचा बाजार. स्वभावातली खोट घेतली की पॉइंट परत मिळतात. सुरुवातीच्या पॉइंटांच्या निम्मे, म्हणजे 75 पर्यंत. तोवर धीरोदात्त असलेले चौघेही एका संध्याकाळीत तापट, लोभी आणि भित्रे झाले. लढवय्याने समुद्राची भीती घेतली. मोहीम वाळवंटात होती. 'चॅम्पियन्स' या 1981 च्या खेळात यावर चोख नियम आहे: जी मर्यादा अडवत नाही तिचे पॉइंट नाहीत. मी वाद घातला नाही. मोहिमेच्या नकाशावर एक बंदर काढलं.

वैद्याने 'कुणाला ठार मारणार नाही' असं व्रत घेतलं, 15 पॉइंट. या व्रतात सोबत्यांनाही मारू द्यायचं नसतं. त्यामुळे सध्या तीन सशस्त्र माणसं जखमी दरोडेखोरांना पाठुंगळी घेऊन हिंडताहेत. अडचण तिघांची, पॉइंट एकाचे! आणि हाच वैद्य म्हणतो की कुणाला जखम होईपर्यंत त्याला काही कामच नसतं.

त्याचं एवढं म्हणणं मात्र मला पटतं. पॉइंट वस्तूची किंमत सांगतात. त्या रात्री तिची गरज किती वेळा पडेल हे पुस्तकाला ठाऊक नसतं, ते मी ठरवतो. साचे पुन:पुन्हा खोडण्यापेक्षा दारं कुठे ठेवायची याचा विचार केलेला बरा. म्हणून मागच्या खेळात मी मंत्र चालतच नाहीत अशी एक खोली ठेवली. नियमांत तशी सोय आहे. आत चार कुलपं, छतातून खाली येणारे भाले आणि एक घायाळ राजदूत. चोर खुलला, वैद्य धावला, लढवय्याने एका पुतळ्याच्या डोळ्यावर नेम धरला.

जादूगाराने दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज पाठवला. 'मंत्र न चालणाऱ्या खोल्यांत वारंवार सापडणे' ही अडचण धरून 10 पॉइंट परत मिळावेत, मागील तारखेपासून.