सिन्स, बिफोर आणि अण्णांचं पत्र

अण्णांनी बिल्डरला द्यायचं पत्र कट्ट्यावर आणलं आणि ते नेमकं नंदूच्या हातात पडलं. आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंटचं काय चाललंय ते गिरगावात कुणाला नव्याने सांगायला नको. बिल्डरच्या कराराचा मसुदा आलाय, सह्यांची घाई चाललीय, आणि कमिटीत इंग्रजी लिहायचं म्हटलं की अण्णांशिवाय सगळे खाली बघतात.

"'वी आर स्टेइंग हिअर सिन्स फिफ्टी इयर्स!'" नंदूने ठाकूरद्वारच्या सिग्नलपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "अण्णा, सिन्स फिफ्टी इयर्स? आणि हे काय, 'रिपेअर्ड बिफोर ट्वेल्व्ह इयर्स'? अहो, हसतील ते."

स्पोकन इंग्लिशचा क्लास केल्यापासून नंदूला 'आधी' हा शब्द उच्चारता येत नाही. कटिंगवाल्यालाही तो "साखर प्रायर टू दूध टाक" असं सांगतो. तो पोरगा बिचारा दोन्ही एकदम टाकतो.

"मग काय लिहायचं?" अण्णा म्हणाले. "पन्नास वर्षांपासून राहतोय. पासून म्हणजे सिन्स, असंच शिकवलं आम्हाला."

"रूल आहे, अण्णा. पॉइंट ऑफ टाइम असेल तर सिन्स, पिरियड असेल तर फॉर. आणि स्टेइंग नाही, हॅव बीन लिव्हिंग. बिफोर तर टोटली राँग. अगो!"

नियम बरोबरच होता. पण ज्या सुरात तो सांगितला, त्याने अण्णांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला. ते मला आवडलं नाही. अण्णा आयुष्यभर मराठीत हिशेब लिहीत आले, आणि चाळीसाठी या वयात इंग्रजी पत्र लिहायला बसले. ज्यांचं इंग्रजी बरं आहे ते सगळे गॅलरीतून बघत होते, त्यात मीही होतो.

तेवढ्यात वैशाली आली. ती फोर्टात एका वकिलाकडे आहे, दिवसभर करारनामेच वाचते. तिने पत्र वाचलं आणि विचारलं, "अण्णा, खोली कधी घेतलीत?"

"शहात्तर साली. लग्न अठ्ठ्याहत्तरला, त्याच्या दोन वर्षं आधी."

"मग 'सिन्स 1976' लिहा. सिन्स तुमचाच राहतो, फक्त वर्षं काढून साल घाला. आणि नंदू, तुझा 'अगो' पण काढ."

"का? ट्वेल्व्ह इयर्स अगो करेक्ट आहे!"

"करेक्ट आहे रे. पण 'अगो' आजपासून मोजतो, आणि कागद आज कुणी वाचत नाही. ही फाइल जुन्या इमारतींच्या रिपेअर बोर्डात चार वर्षांनी उघडली तर बारा वर्षं कुठून मोजायची? रिपेअर 2014 ला झालं ना? 'इन 2014' लिहा आणि मोकळे व्हा."

नंदूचा चेहरा बघण्यासारखा झाला. बंड्या म्हणाला, "म्हणजे अगो पण गेला, बिफोर पण गेला. नंद्या, क्लासचे पैसे परत माग."

"बिफोर गेला नाही," वैशाली म्हणाली. "आत्ता अण्णांनी काय सांगितलं? लग्न अठ्ठ्याहत्तरला, त्याच्या दोन वर्षं आधी खोली. तिथे 'टू इयर्स बिफोर' बरोबर, आणि तिथे 'अगो' लावलास तर खोली परवा घेतल्यासारखी होईल. आजपासून मागे जायचं तर अगो, दुसऱ्या कुठल्या तारखेपासून मागे जायचं तर बिफोर. आपल्याला दोन्हीकडे 'पूर्वी' चालतं, म्हणून गडबड होते. त्यात लाजायचं काय?"

मला विचाराल तर इथे वाद संपायला हवा होता. पण नंदूला हरायचं नसतं. "लॅंग्वेज इज डिसिप्लिन," म्हणाला. "म्हणून आपली मुलं मागे पडतात. 2000 सालापर्यंत मराठी शाळेत पाचवीला एबीसीडी. काय होणार?"

"तू पण पाचवीलाच शिकलास. माझ्याच बाकावर," बंड्या म्हणाला. "आणि डिसिप्लिनचं तू बोलू नकोस. गणपतीच्या मीटिंगचं काय केलंस?"

मग ते निघालंच. नंदू मंडळाचा सेक्रेटरी असताना बुधवारची मीटिंग होती आणि त्याने ग्रुपवर टाकलं, 'मीटिंग मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज.' आपल्याकडे मीटिंग पुढे ढकलली म्हणजे उशिरा, म्हणून अर्धे शुक्रवारी आले. नंदू आणि त्याचे दोघे सोमवारी बसून खजिनदार ठरवून मोकळे. बंड्याला अजून वाटतं ते मुद्दाम होतं.

"दॅट वॉज करेक्ट इंग्लिश!"

"इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही त्या वाक्याला अडखळतात," वैशाली म्हणाली. "मानसशास्त्रवाल्यांनी हाच प्रश्न विचारून बघितलाय, बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड केली तर कधी? कुणी सोमवार म्हणतं, कुणी शुक्रवार. त्यापेक्षा आपला प्रीपोन बरा, म्हणजे पोस्टपोनच्या उलट, मीटिंग अलीकडे आणणं. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, आणि त्यावरून कुणी शुक्रवारी येत नाही."

अण्णा पहिल्यांदा हसले. मग तिने बिल्डरचा मसुदा मागितला. तो नंदूच्याच बॅगेत होता, कमिटीने त्याला 'लॅंग्वेज चेक' करायला दिला होता.

"तू वाचलास?"

"ट्वाइस. फ्लॉलेस आहे. एक स्पेलिंग मिस्टेक नाही."

तिने बोट ठेवलं. "नवी इमारत होईपर्यंत बाहेर राहायचं, त्याचं बिल्डर देणार ते भाडं बघ. 'शॅल बी पेड ऑन व्हेकेटिंग.' ऑन. म्हणजे खोली रिकामी करायची आणि तेव्हा पैसे. आपलं काय ठरलं होतं?"

"आधी," अण्णा म्हणाले. "चेक हातात, मग कुलूप."

"मग तिथे 'बिफोर व्हेकेटिंग' हवं. आणि इथे बघा, भाडेकरू कोण धरायचे, तर 'टेनन्सीज क्रिएटेड बिफोर 13 जून 1996'. 33(7), म्हणजे जुन्या चाळींच्या रिडेव्हलपमेंटच्या नियमात त्या तारखेनंतरच्या धरत नाहीत असं आहे. म्हणजे 13 तारखेची धरतात. ह्यांनी नुसतं बिफोर लिहून तो दिवस खाल्ला. 'ऑन ऑर बिफोर' पाहिजे. कायद्यात 'फ्रॉम' आला की पहिला दिवस सोडायचा, 'टू' आला की शेवटचा धरायचा, हे सांगायला 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये एक अख्खं कलम आहे, नववं. एवढ्याशा शब्दांना लोक इतकं जपतात. आणि नंदू, तू अण्णांच्या सिन्सवर हसत बसलास. त्या सिन्सने कुणाचं काय जाणार होतं? या ऑनने घर जाईल."

कुणी काही बोललं नाही. बंड्याची मावशी झोपडपट्टीत राहते. झोपडी कधीपर्यंतची असली तर घर मिळणार, त्याचा कटऑफ आधी 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000, पुढे 2011 पर्यंतच्यांना सशुल्क घर, यातलं प्रत्येक 'पूर्वी' आणि 'पर्यंत' त्याला पाठ आहे. तो एवढंच म्हणाला, "लाइट बिलाच्या तारखेवर माणसं पात्र-अपात्र ठरलीत आमच्याकडे."

मला वैशालीचं पूर्ण पटलं. 'सिन्स फिफ्टी इयर्स' वाचून कुणाचीही फसगत होत नाही, अण्णा पन्नास वर्षं राहतायत हे कळतं. पत्र द्यायच्या आधी ते सुधारावं, जरूर सुधारावं, पण शेजारी बसून, हळू आवाजात. आवाज चढवायचाच असेल तर तो समोरून आलेल्या, एकही स्पेलिंग न चुकलेल्या कागदावर चढवावा.

नंदूने पेन काढलं आणि 'ऑन'वर काट मारली. वर लिहिलं, 'प्रायर टू'.

"हे चालेल?"

"चालेल," वैशाली म्हणाली. "पहिल्यांदाच तुझा प्रायर टू कामाला आला."

"पण वैशाली, मला एक सांग," बंड्या म्हणाला. "याने माझ्याकडून पाचशे घेतले, गणपतीच्या आधी. मागच्या नाही, त्याच्या मागच्या. त्याला बिफोर लागतो का अगो?"

"ते पाचशे? अरे, आय हॅव ऑलरेडी..."

"सिन्स लाव, फॉर लाव, अण्णांना विचारून लाव. पण देणार कधी?"

"बाय मंडे," नंदू म्हणाला.

"कुठला मंडे? फॉरवर्ड का बॅकवर्ड?"

अण्णांना इतकं हसू आलं की कटिंग पत्रावर सांडला. आता ते परत लिहायला लागणार आहे.