पोस्टरवर सगळे आहेत, फक्त तारीख नाही

‘पुण्यात वीकेंडला काय करावं’ असं नेटवर एकदा टाकून बघाच. पहिलं उत्तर, शनिवारवाडा. अहो, आम्ही पुण्यातच राहतो! माझ्या लेकाने शनिवारवाडा शाळेच्या सहलीत पाहिलाय, नागपूरचे पाहुणे आले तेव्हा पाहिलाय, सांगलीचे आले तेव्हा परत पाहिलाय. आता तोच पाहुण्यांना सांगतो, १७३२ साली बांधून झाला, १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं, चला आता भेळ खाऊ. यादीत पुढे सिंहगड, आगाखान पॅलेस, मग लोणावळा, जे पुण्यात नाही, आणि महाबळेश्वर, जे पुणे जिल्ह्यातही नाही. सातारकरांनी तरी यावर बोंब मारायला हवी.

मला पर्यटन नकोय हो. नऊ वर्षांचा मुलगा, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप उघडून बसणारा नवरा आणि मी. अशा चौघांना या रविवारी, याच शहरात, चार ते सात काय करता येईल? एवढा साधा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता शुक्रवारची रात्र जाते, शनिवार जातो, आणि रविवारी आम्ही चौघं कुठल्यातरी हॉटेलबाहेर नाव लिहून पाऊण तास ताटकळत उभे असतो.

आणि शहरात काही होतच नाही असं कृपा करून म्हणू नका. तिथेच तर डोकं फिरतं. टिळक स्मारक मंदिराच्या आवारात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून, हौशी लोकांना आकाश दाखवणारी. किती पालकांना माहीत आहे? केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, वाद्यं आहेत, कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल आहे. कर्वे रोडवर छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे, सिग्नल-बिग्नल सगळं चालतं, पोरं तिथून हलत नाहीत. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे आणि विज्ञान दिनाच्या सुमाराला ती लोकांना बघायला खुली करतात. विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो, दरवर्षी. दिवाळीसारखा मागेपुढे होत नाही. तरी मला कधी कळलं? मार्चमध्ये, जाऊबाईंच्या स्टेटसवर. त्या अवाढव्य थाळीसमोर त्यांचा चिरंजीव दात काढून उभा. “अहो, सांगायचं तरी!” म्हटलं, तर म्हणाल्या, “मला वाटलं तुला माहीत असेल.”

कुठून माहीत असणार? चाळीस लाखांच्या वर वस्ती असलेल्या शहरात कुठे काय आहे हे अजून जाऊबाई, भिशीतल्या मैत्रिणी आणि रिक्षावाले यांच्याकडून कळायचं! पूर्वी पेपरात आतल्या पानावर ‘आजचे कार्यक्रम’ असा बारीक टायपातला चौकोन असायचा. कीर्तन, व्याख्यान, चित्रप्रदर्शन, ठिकाण, वेळ, प्रवेश विनामूल्य, संपलं. माझे सासरे पेन्सिलीने खुणा करायचे. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात तो चौकोन आक्रसत आक्रसत कधी गेला ते कळलंही नाही. त्या जागी आता फ्लॅटच्या जाहिराती आहेत. नाटकवाल्यांचं मात्र मानते मी. शनिवारी साडेपाच यशवंतराव, रविवारी साडेबारा बालगंधर्व, खाली बुकिंगचा नंबर. चार ओळी, एकही शब्द फालतू नाही. पण बालनाट्यं बहुतेक मे महिन्यात आणि दिवाळीत. बाकी वर्षभर मुलांनी काय करायचं?

बाकी वर्षभर पोस्टर. सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक आलं, ‘भव्य बालमहोत्सव’. वरचा अर्धा भाग मान्यवरांच्या चेहऱ्यांचा. मधोमध मोठे साहेब, दोन्ही बाजूंना मध्यम साहेब, कोपऱ्यात गोलात उगवते नेतृत्व. खाली शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, विशेष सहकार्य, निमंत्रक, आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून बावीस जणांची नावं. पिवळी अक्षरं, त्यांना लाल कड, मागे फुगे. फोटो दोन बोटांनी ताणून ताणून मी खालची ओळ वाचली, ‘येत्या रविवारी सायंकाळी ५ वा., नेहमीच्या मैदानावर. वेळेवर उपस्थित राहावे.’

येता रविवार म्हणजे कुठला? नेहमीचं मैदान कोणाच्या नेहमीचं? कितव्या वर्षापासूनच्या मुलांसाठी? तिकीट आहे का? काही नाही. संपर्काचे तीन नंबर होते. पहिला बंद. दुसरा कोणीतरी उचलला आणि ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवून दिला. तिसऱ्यावर एक मुलगा बोलला, बिचारा अगदी नम्रपणे.

“ताई, तो कार्यक्रम गेल्या महिन्यात झाला.”

“मग पोस्टर आज कसं आलं?”

“ते फिरतंय.”

फिरतंय! म्हणजे कार्यक्रम संपला, मांडव सुटला, खुर्च्या परत गेल्या, आणि पोस्टर अजून गावभर फिरतंय, माझ्यासारख्या बायकांना शनिवारी संध्याकाळी फोन करायला लावत. तारीख टाकली असती तर? नाही, तिथे जागा नव्हती. तिथे शुभेच्छुक होते.

मग उरतात रीलवाले. ‘पुण्यापासून फक्त दीड तासावर हिडन जेम!’ लाखो लोकांनी बघितलेलं हिडन कसं राहतं, ते त्यांनाच ठाऊक. जागेचं नाव सांगत नाहीत. आधी पेज फॉलो करा, मग कमेंटमध्ये ‘लिंक’ लिहा, मग मेसेज येईल. मी लिहिलं. झक मारली आणि लिहिलं. मेसेज आला तो कुठल्याशा रिसॉर्टच्या पॅकेजचा. आणि ज्या जागांचं नाव सांगतात त्या पावसाळ्यात ठरलेल्या चार. म्हणून रविवारी सकाळी खडकवासल्यापासून गाड्यांची रांग लागते, सिंहगडाच्या घाटात क्लच दाबून दाबून पाय भरून येतो आणि पिठलं-भाकरी मिळेपर्यंत पोरगं झोपलेलं असतं.

त्यात फक्त गैरसोय असती तर एक वेळ सोसलीही असती. ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्या वर्षी १५ जून, पुन्हा रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला, चार माणसं गेली. ती माणसं रील बघून तिथे गेली असं मी म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी घरातल्यांना घेऊन पाणी बघायला गेली होती, एवढंच. पण अख्ख्या जिल्ह्याला त्याच चार जागा ओरडून सांगायच्या, मग काही घडलं की बंदीचा आदेश काढायचा. आणि इथे जाऊ नका तर कुठे जा, हे मात्र कोणी सांगायचं नाही. बंदीचा फलक लावायला माणूस मिळतो. पर्यायाचा फलक मी अजून पाहिलेला नाही.

जे न शोधता आपणहून पोचतं ते सगळं विकाऊ असतं. ट्रॅम्पोलिनवाल्यांना माझा नंबर बरोब्बर सापडतो. मुलाचं तासाचं तिकीट वेगळं, वर ग्रिप सॉक्स सक्तीचे, घरून नेलेले चालत नाहीत, तिथलेच घ्या. आमच्या घरी एक खण आहे, त्यात त्या रबरी ठिपक्यांच्या मोज्यांचे जोडच जोड पडलेत, प्रत्येक ठिकाणचा रंग वेगळा, कारण याचे त्याला चालत नाहीत. वर आईचंही तिकीट! मी उड्या मारणार नाही, मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून चपला सांभाळणार आहे. तरी बघ्याचं तिकीट. ऑनलाइन काढलं तर त्यावर कन्व्हिनियन्स फी. कोणाची सोय झाली ते मला अजून कळलेलं नाही.

मोठ्यांचा तर विचारच करू नका. तिशीच्या आतले असाल तर ओपन माइक, साठीच्या पुढे असाल तर ज्येष्ठ नागरिक संघ आणि हास्यक्लब. मधली तीस वर्षं तुम्ही फक्त ड्रायव्हर. आमच्यासाठी म्हणून जे काही येतं ते कॅनव्हासवालं. दीड हजार भरा, एक मॉकटेल प्या, आणि वीस जणांनी वीस वेळा तोच नारळाच्या झाडामागचा सूर्यास्त रंगवा. फॉर्ममध्ये ‘कपल की सिंगल’ असा रकाना. सासूबाईंना घेऊन यायचं असेल तर कुठे टिक करायची? त्यांना चित्र काढायची खरी हौस आहे, आमच्यापेक्षा जास्त. पण जिना किती, लिफ्ट आहे का, बसायला पाठीची खुर्ची आहे की तिपाई, हे विचारलं की समोरून हसरा इमोजी येतो.

आणि हे सगळं करून सोमवारी पेपर उघडावा, तर पान तीनवर फोटो. दीपप्रज्वलन करताना मान्यवर. ‘बालचित्रकला शिबिर उत्साहात संपन्न.’ आमच्या घरापासून दोन चौक पलीकडे! विनामूल्य! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. एवढी कार्यक्षमता कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कुठे जाते? फोटो काढायला माणूस आहे, बातमी पोचवायला माणूस आहे, फक्त ‘या’ म्हणायला कोणी नाही. खुर्च्या निम्म्या रिकाम्या दिसतायत फोटोत. आमच्या चार तिथेच होत्या.

मला ॲप नकोय. प्रत्येक ॲप आधी माझं लोकेशन मागतं आणि मग मुंबईतले कॉन्सर्ट दाखवतं. एक पान द्या, साधं. दर गुरुवारी, प्रत्येक प्रभागाचं. पूर्ण तारीख, वार, वेळ, पत्ता. तिकीट किती, कितव्या वर्षापासून, गाडी कुठे लावायची, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, जिने किती. रद्द झालं तर ‘रद्द’ असं लिहा, गुपचूप गायब करू नका. आणि पोस्टर छापायचंच असेल तर मान्यवर हवे तितके टाका, बावीसचे बेचाळीस शुभेच्छुक करा, माझी काही हरकत नाही. फक्त तारखेच्या खाली टाका.