‘मान ताठ ठेवा’वाल्या फॉरवर्डला देवगडहून उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज माझ्याकडे नऊ ठिकाणांहून आला. वाडीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, बचतगटाचा, शाळेच्या बॅचचा. वर लाल अक्षरांत ‘मानदुखी कायमची बंद’, खाली दोन सांगाडे: एक वाकलेला, फुलीचा, दुसरा ताठ, हिरव्या खुणेचा. मी देवगड तालुक्यात फिजिओथेरपीचं काम करते, म्हणून मेसेजच्या शेपटीला बहुतेकांनी जोडलं होतं, ‘ह्यां खरां काय गो?’ प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते.

मेसेज थोडक्यात असा. मोबाइलसाठी मान वाकवली की तिच्यावर २७ किलो भार येतो आणि मणके झिजतात. आपल्या आज्या डोक्यावर हंडे वाहायच्या, म्हणून त्यांना मानदुखी ठाऊक नव्हती. दिवसभर मान ताठ आणि खांदे मागे ठेवले की दुखणं जातं. नाहीच गेलं तर मान दोन्ही बाजूंना कडाकडा मोडावी, ‘अडकलेला वात’ सुटतो. आणि मान हळूहळू, लक्ष देऊन हलवायचे जे प्रकार शिकवले जातात ते श्रीमंतांचे चोचले.

२७ किलोपासून सुरुवात करते, कारण हा आकडा अगदीच हवेतला नाही. केनेथ हंसराज या अमेरिकेतल्या शल्यविशारदाने २०१४ मध्ये मानेचं गणिती मॉडेल मांडून तो काढला. डोकं साधारण पाच किलोचं. मान १५ अंश वाकली तर भार १२ किलोवर जातो, ६० अंशांना २७ वर. गणितात खोट नाही. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर पेलते, तीच हात लांब करून धरली की जड होते, तोच हिशोब. पण ते मॉडेल होतं, त्यात दुखणारा माणूस कोणी नव्हता. भार आला म्हणजे इजा झाली असं नसतं. नुसतं चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार पडतो, म्हणून कोणी बाजारात जायचं थांबत नाही.

माणसांवर पाहणी केली तेव्हा काय दिसलं? ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाची १५० मुलंमुली मोबाइल कशी धरतात ते पाहिलं गेलं (२०१८ चा अभ्यास). मान जास्त वाकवणाऱ्यांना मानदुखी जास्त, असं काही निघालं नाही. ऑस्ट्रेलियात १७ वर्षांच्या ११०८ मुलांच्या बसण्याच्या ढबी तपासल्या. पोक काढून बसणारे आणि ताठ बसणारे, दोघांच्या मानदुखीत फरक नव्हता. पोक काढणाऱ्यांत उदासी मात्र जास्त आढळली. त्यामुळे कॉलेजातला मुलगा सतत पाठ गोल करून बसत असेल तर त्याच्या पाठीत धपाटा घालण्याआधी ‘बरं आहे ना रे?’ असं विचारून बघा.

मणके झिजण्याचंही तसंच. मुंबईहून एमआरआयची फाईल घेऊन, चेहरा पडलेले लोक माझ्याकडे येतात. ‘गादी सरकलीय’ एवढंच त्यांना लक्षात राहिलेलं असतं. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १२११ जणांचा एमआरआय काढला, तर जवळपास ८८ टक्के लोकांत कुठली ना कुठली गादी फुगलेली दिसली. त्यात विशीतले तरुणही होते. फाईलमधलं चित्र आणि तुमचं दुखणं यांची गाठ दर वेळी पडतेच असं नाही.

शिवाय एप्रिलमध्ये माझ्याकडे येणाऱ्या माना मोबाइलवाल्या नसतातच. हातात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी), डोळे वर, सकाळपासून उन्हं चढेपर्यंत कलमांखाली फिरलेल्या असतात त्या. मेसेजातला सांगाडा पुढे वाकलेला, आमच्या गड्यांची मान मागे. आणि त्याच बागेच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, आंबे निवडून पेट्या भरणाऱ्या बायांची मान खाली. दुखतं दोघांचंही. दिशा हे कारण असतं तर असं झालं नसतं. एकाच स्थितीत तासन्‌तास राहणं आणि आठ महिने न केलेलं काम एका आठवड्यात अंगावर घेणं, हे मला तरी जास्त पटतं. त्यात झोप अपुरी आणि दलालाने पट्टी, म्हणजे आंब्याचे पैसे, अडकवलेली असली की मग बोलायलाच नको.

आज्यांबद्दल वाचून आधी हसू आलं, मग राग. माझी आजी बावीवरून डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा आणि काखेत कळशी घेऊन घाटी चढायची. रात्री मानेला खोबरेल चोळून घ्यायची आणि तापवलेल्या मिठाची पुरचुंडी शेकायची. दुखत होतं, सांगायला कोणी नव्हतं. आफ्रिकेत डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेचे एक्स-रे काढले गेलेत, त्यांत मणक्यांची झीज इतरांपेक्षा जास्त दिसली आहे. एक मात्र कबूल करते: हंडा घेतलेल्या बाईचं चालणं बघण्यासारखं असतं. नजर लांब, पाऊल मऊ, मान कुठेही आवळलेली नाही. त्या चालीतून शिकण्यासारखं खूप आहे. पण त्यासाठी नळ बंद करायची गरज नाही.

आता ताठ मान. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांना विचारा. दांडी खांद्यावर घेऊन अंग आवळून धरणारा दोन फेऱ्यांत दमतो, आणि अंग सैल सोडून गुडघ्यांतून झुलणारा रात्रभर नाचतो. घरी करून बघायचं तर हनुवटी आत ओढा, खांदे मागे घट्ट धरा आणि मान उजवीकडे वळवा. मग सगळं सोडून सहज बसा आणि पुन्हा वळवा. बहुतेकांची दुसऱ्या खेपेला जास्त वळते. ताठ बसायला माझी हरकत नाही, वाकून बसायलाही नाही. पाऊण तास एकसारखं कसंही बसायला आहे.

कडाकडा मोडण्यावर जास्त बोलण्यासारखं नाही, पण ऐकाच. तो आवाज हाडाचा नाही आणि वाताचाही नाही. सांधा ताणला की आतल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट मोडताना एमआरआयमध्ये हे टिपलं. बोटं खुशाल मोडा. मानेचं वेगळं आहे. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतूनच वर जातात. झटका देऊन मान पिळली तर क्वचित धमनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. क्वचितच होतं, खरं आहे. पण दोन मिनिटांच्या बरं वाटण्यासाठी एवढा जुगार कशाला? दाढी झाल्यावर सलूनवाला मायेने हनुवटीला हात घालतो, तेव्हा तेवढं ‘नको रे’ म्हणा.

राहिले चोचले.

हे प्रकार श्रीमंतांसाठी निघाले नव्हते. टास्मानियात जन्मलेला फ्रेडरिक अलेक्झांडर हा नट रंगमंचावर उभा राहिला की त्याचा आवाज बसायचा. आरशासमोर उभं राहून त्याने स्वतःला न्याहाळलं तेव्हा दिसलं की बोलायला तोंड उघडायच्या क्षणी आपण डोकं मागे आणि खाली ओढतो. त्यातून डोकं-मान न आवळता हलायला शिकवणारी त्याची पद्धत आली. मोशे फेल्डेनक्राइस भौतिकशास्त्र शिकलेला, ज्युडो खेळणारा. गुडघा दुखावल्यावर तो लहान-लहान हालचालींकडे वळला. अलेक्झांडर पद्धतीची इंग्लंडमध्ये ५१७ जणांवर झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली: जुन्या मानदुखीत नेहमीच्या उपचारांना या धड्यांची जोड दिलेल्यांना वर्षभरानंतरही नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम होता.

पण दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मीही फॉरवर्डच लिहीन. जर्मनीत ११४ जणांना १२ आठवडे अभ्यासलं, तेव्हा ताई-ची या संथ चिनी व्यायामाने काहीच न करणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं, पण मानेच्या साध्या व्यायामांपेक्षा जास्त नाही. डेन्मार्कमध्ये ऑफिसात बसणाऱ्या १९८ जणांवरच्या चाचणीत रबरी पट्टा ओढण्याचा रोज दोन मिनिटांचा व्यायामही दहा आठवड्यांत उपयोगी पडला. म्हणजे संथ हालचालीत जादू नाही. मग मी तिथूनच का सुरू करते? कारण दुखऱ्या माणसाला हलायची भीती वाटते आणि भ्यालेली मान आणखी आवळते. त्याच्या हातात पहिल्याच दिवशी रबरी पट्टा दिला तर तो परत येत नाही.

खर्च म्हणाल तर एक गोधडी. पडवीत उताणं झोपायचं, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर, डोक्याखाली गोधडीची घडी. डोकं न उचलता नारळ घरंगळावा तसं एका बाजूला वळू द्यायचं आणि परत आणायचं. ओढ लागते त्याच्या अलीकडेच थांबायचं. दात आवळलेत का, श्वास धरलाय का, पायाची बोटं मुडपलीत का, एवढंच बघायचं. सहा-सात वेळा झालं की नुसतं पडून राहायचं. मग आधी डोळे वळवायचे आणि डोकं त्यांच्या मागून. मग डोळे वरच्या एका वाशावर खिळवून डोकंच वळवायचं. डोळ्यांचं काय काम, असं सगळे विचारतात. कवटीच्या तळाशी, मानेच्या खळग्यात बोटं ठेवून डोळे डावीउजवीकडे फिरवा, आतले बारीक स्नायू हलल्याचं कळेल. मान वळते त्यातलं निम्मं वळण वरच्या दोन मणक्यांमध्येच होतं आणि हे स्नायू तिथलेच.

हे सगळ्यांसाठी नाही. झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यावर मान दुखत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, हात बधिर किंवा लुळा वाटत असेल, चालताना तोल जात असेल, तापासोबत मान आखडली असेल, नाहीतर कधी नव्हे अशी डोकेदुखी अचानक उठली असेल, तर गोधडी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माझ्याकडे येणारे एक रिक्षावाले काका आहेत. त्यांना रिक्षा मागे घेताना मान वळवता यायची नाही, अख्खं अंग फिरवायचे. मान मोडून द्या म्हणून आले होते. रोज दुपारी स्टँडजवळच्या ओट्यावर पडून दहा मिनिटं हे करतात, बाकीचे रिक्षावाले हसतात. परवा विचारलं, कसं आहे? म्हणाले, ‘‘दुखता थोडी. पण वळता.’’