काळ्या रंगाचे निदान कांडिन्स्कीने केलेले नाही

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा एक लांबलचक संदेश वाचून माझी धाकटी बहीण पहिलीत शिकणाऱ्या आपल्या मुलीची चित्रकलेची वही तपासत बसली. संदेशाचे म्हणणे असे: अमूर्त (म्हणजे ओळखू येणाऱ्या वस्तू न दाखवणाऱ्या) चित्रकलेचा जनक वासिली कांडिन्स्की याने प्रत्येक रंगाची भावना प्रयोगांनी सिद्ध केली आहे; काळा म्हणजे नैराश्य, तेव्हा मूल तो वारंवार वापरत असेल तर वेळीच सावध व्हा; पिवळा त्रिकोणाचा, लाल चौरसाचा आणि निळा वर्तुळाचा, हा जगभर मान्य झालेला नियम आहे; आणि मुळात रेखाटन जमत नसल्यामुळे, स्वतःचे उलटे ठेवलेले चित्र पाहून, त्याला ही कला अपघाताने सापडली. भाचीने रात्रीचे आकाश काळे रंगवले होते. तेवढ्यावरून तिच्या आईच्या जिवाला घोर लागावा, याचा मला संताप आला.

सर्वांत घातक मुद्दा काळ्या रंगाचा, म्हणून तो आधी. कलेतील आत्मिक तत्त्वाविषयीचे कांडिन्स्कीचे पुस्तक १९११ च्या डिसेंबरमध्ये म्युनिकला प्रसिद्ध झाले. त्यातले काळ्याचे वर्णन उदास आहे हे खरे; शक्यता संपलेले शून्य, भविष्य नसलेले मौन, अशा अर्थाचे त्याचे शब्द आहेत. परंतु त्याच विवेचनात तो पुढे सांगतो की, काळ्याला स्वतःचा नाद, म्हणजे मनावर उमटणारा सूर, जवळजवळ नसल्यामुळेच त्याच्या पार्श्वभूमीवर दुसरा कोणताही रंग, अगदी क्षीण असला तरी, अधिक ठसठशीत आणि नेमका उमटतो. उलट पांढऱ्यावर बहुतेक रंगांचा नाद मंदावतो. चित्रकाराला काळा कशासाठी लागतो, याचे इतके स्पष्ट उत्तर पुस्तकात असताना संदेशाने नेमके तेच गाळले आहे. कांडिन्स्कीच्या १९१२ च्या एका प्रसिद्ध चित्रावर तर जाड काळी कमान पसरलेली आहे आणि तिच्यामुळेच भोवतालचे लाल-निळे आकार परस्परांवर चालून आल्यासारखे वाटतात.

याहून मूलभूत गोष्ट अशी की, कांडिन्स्की रंगाचा पाहणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम सांगतो. रंग वापरणाऱ्याच्या मनाचे निदान त्यावरून करावे, असे त्याचे प्रतिपादन नाही. शिवाय आपली ही विधाने आंतरिक अनुभवातून आलेली आहेत, कोणत्याही शास्त्रावर आधारलेली नाहीत, असा खुलासा त्याने स्वतःच त्या पुस्तकाच्या एका तळटीपेत केला आहे. ज्याने शास्त्राचा दावा इतक्या स्पष्टपणे नाकारला, त्याच्याच नावावर शास्त्र खपवणे हा अप्रामाणिकपणा आहे. एकच रंग संदर्भानुसार कसा बदलतो हेही तो लालाच्या उदाहरणाने दाखवतो: लाल आकाश, लाल झाड, लाल वस्त्र आणि लाल घोडा यांचा परिणाम त्याच्या मते निरनिराळा होतो. मग रात्रीचे काळे आकाश आणि काळवंडलेला चेहरा यांना एकच अर्थ कुठून चिकटणार? रंगांनी उपचार करण्याच्या तत्कालीन प्रयोगांचा उल्लेख पुस्तकात आहे, एवढे मात्र मला मान्य करावे लागते. पण उल्लेख म्हणजे सिद्धता नव्हे. मुलाच्या मनाची काळजी वाटत असेल तर त्याची झोप, भूक, खेळ आणि बोलणे पाहावे. रंगपेटीतला कोणता खडू आधी झिजला यावरून काहीच ठरत नाही.

त्रिकोण, चौरस आणि वर्तुळाच्या नियमाचे मूळ बाउहाउस या जर्मन कलाशाळेत आहे. तिथे १९२३ मध्ये कांडिन्स्कीने एक प्रश्नावली फिरवली होती आणि बहुतेकांची उत्तरे त्याच्या मताशी जुळली, असे सांगितले जाते. पण ती एकाच शाळेच्या वर्तुळातली माणसे होती. तिथलाच शिक्षक ऑस्कर श्लेमर याला वर्तुळ लाल वाटत असे. स्वतः कांडिन्स्कीनेही, रंग आणि आकार यांचा मेळ बसला नाही तर तो दोष न मानता नवी शक्यता मानावी, असे लिहिले आहे.

उलट्या चित्राची गोष्ट त्याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींतून आली आहे, पण अर्धवट. संधिप्रकाशात आडवे टेकवलेले स्वतःचेच चित्र त्याला ओळखू आले नाही आणि ते विलक्षण सुंदर वाटले, इथपर्यंत ठीक. दुसऱ्या दिवशी उजेडात तोच अनुभव घेऊ पाहताना मात्र त्याला चित्रातल्या वस्तू ओळखू येत राहिल्या आणि तो परिणाम अर्धाच साधला. वस्तू काढून टाकली तर तिच्या जागी काय आणायचे, नुसती नक्षी तर उरणार नाही ना, या प्रश्नाने त्याला पुढे बराच काळ छळले. याला केवळ अपघात म्हणता येत नाही.

म्युनिकच्या अकादमीत रेखाटनाच्या परीक्षेत तो पहिल्या खेपेस नापास झाला होता, हे खरे आहे. नंतर तिथेच शिकवणाऱ्या चित्रकार फ्रान्झ फॉन श्टुकने त्याला शिष्य म्हणून घेतले आणि रंगांचा अतिरेक आवरण्यासाठी काही काळ केवळ काळ्या-पांढऱ्यात काम करायला सांगितले. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये रंगवलेल्या ‘कंपोझिशन ७’ या दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद चित्रासाठी त्याने ३० हून अधिक पूर्वचित्रे केली होती. रेखाटन टाळणारा माणूस असे करत नाही.

‘जनक’ ही पदवीही वादातीत नाही: स्वीडनमधील हिल्मा आफ क्लिंट हिने १९०६ पासून वस्तुरूपापासून दूर जाणारी चित्रे रंगवली आणि १९०७ मध्ये तीन मीटरहून उंच अशा दहा चित्रांची मालिका पूर्ण केली. आपल्या मृत्यूनंतर २० वर्षे ही चित्रे दाखवू नयेत अशी तिची इच्छा होती; ती १९४४ मध्ये वारली आणि १९८६ मधील लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनानंतर जगाचे तिच्याकडे लक्ष गेले.