सेलमध्ये पैसे कसे वाचवावेत

स्टीम या कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात सेल लागला की पहिलं काम म्हणजे हिशेबाची वही मिटायची. सेलमध्ये कोणी खर्च करत नसतं, सगळे वाचवत असतात. 2,999 चा गेम 749 ला घेतला की तुम्ही 2,250 रुपये कमावलेत. असे चार घेतलेत की 9,000. ते पासबुकात दिसत नाहीत, हा बँकेचा कद्रूपणा.

वेळ तर आपल्यासाठीच काढलेला मुहूर्त. तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की सेल उघडतो. आपल्याकडे तेव्हा जूनमध्ये रात्रीचे साडेदहा, डिसेंबरात साडेअकरा. घर झोपलेलं, यूपीआयचा पिन पाठ, आणि सद्सद्विवेकबुद्धी दिवसपाळी संपवून घरी गेलेली.

‘पण हा खेळणार कधी?’ असला कोता विचार मनात आणू नका. आईने माळ्यावर ठेवलेला डिनर सेट आठवा. चांगले पाहुणे आले की काढू म्हणून वीस वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. तुमची लायब्ररी म्हणजे त्याच घराण्याची पुढची पिढी. डिनर सेट निदान बोहारणीला तरी देता येतो. इथे तुम्ही गेम घेतच नाही, वापरायचा परवाना घेता. 2024 पासून पैसे भरताना तसं लिहिलेलंही दिसतं (वाचतो कोण म्हणा). खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे तुमच्या पश्चात 312 गेम्सच्या वाटणीवरून भाऊबंदकी व्हायला नको. केवढी दूरदृष्टी!

जागेचं रडगाणं गाऊ नका. रेड डेड रिडेम्प्शन 2 ला 150 जीबी लागतात, तर लागू देत. भाचीच्या बारशाचे फोटो उडवा. तिच्या बापाकडे असतीलच की.

आणि पैसे परत मिळतात, हे विसरू नका! घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. दोन तासांची अट आपल्या हातून सहसा मोडत नाही, कारण आपण गेम उघडतच नाही. मोडतात ते चौदा दिवस. चुकून उघडलाच, तर आधी नायकाचं नाक ठरवावं लागतं. सरळ ठेवावं की पोपटाचं? नाकपुड्या जरा फुगवाव्यात का? पाऊण तास त्यात जातो. मग जेवायला हाक येते, गेम तसाच चालू राहतो, आमटी-भात आणि शेजारच्यांच्या पार्किंगची भानगड उरकून परत येईपर्यंत मुदत संपलेली. नाक मात्र झकास जमलेलं असतं.

आता डिसेंबर येईल. जूनमध्ये घेतलेला, अजून डाउनलोडही न केलेला तोच गेम 80 टक्के सवलतीत 599 ला दिसेल. दीडशे रुपयांना बुडालात! हा घाटा लगेच भरून काढायला हवा. त्याच गेमचा डीएलसी, म्हणजे वेगळे पैसे मोजून घ्यायचा जादा भाग, घ्या. तोही सेलमध्ये आहे.