बायोस खोटं बोलला म्हणून हायपरवायझरनं आडवं पडायचं?

हायपरवायझर म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवणारा प्रोग्राम. बूट होताना त्याला हार्डवेअरची माहिती बायोस, म्हणजे बोर्डावरचं फर्मवेअर, टेबलांतून देतो. सध्या एक पोस्ट खूप फिरते आहे: ‘फर्मवेअरनं स्पेसिफिकेशन मोडलं की हायपरवायझरनं सरळ पॅनिक करावं (तिथंच थांबावं). बायोस अपडेट करा. चेकसम जुळला म्हणजे टेबल बरोबर. जुगाड केला की सुरक्षा गेली.’ ऐकायला करारी वाटतं.

‘बायोस अपडेट करा.’ कोणता? पांढरकवड्याच्या जिनिंगच्या ऑफिसात नाहीतर पतसंस्थेत चालतं ते नागपूरहून आणलेलं सेकंड-हँड वर्कस्टेशन. त्या बोर्डासाठी नवा बायोस निघणं कधीच बंद झालेलं असतं. असलाच, तर फ्लॅश होताना लाइन गेली की बोर्ड मेला. मे महिन्यात यूपीएसची बॅटरी किती दम धरते, हे सांगायला नको.

‘चेकसम जुळला म्हणजे टेबल बरोबर.’ साफ चूक. एसीपीआयचा (ही टेबलं ज्या मानकानं बनतात त्याचा) चेकसम एवढंच पाहतो, की सगळ्या बाइटच्या बेरजेचे खालचे 8 बिट शून्य येतात का. बायोसनं चुकीचं टेबल भरून त्यावर बरोबर चेकसम लावला, तरी तो जुळणारच. इंटेलचं डीएमएआर टेबल घ्या. कार्डांना मेमरीत कुठं हात घालू द्यायचा ते ठरवणाऱ्या आयओएमएमयूची माहिती त्यात असते. 48 बाइटचं हेडर, त्यामागे एकेक नोंद: 2 बाइट प्रकार, 2 बाइट लांबी. लांबी 0 आली की पॉइंटर जागचा हलत नाही आणि बूट तिथंच लटकतं. म्हणून दर नोंदीला आधी पाहा, निदान 4 बाइट उरलेत का. मग लांबी त्या प्रकाराच्या किमान आकाराएवढी आहे का (डीआरएचडीला, म्हणजे एका आयओएमएमयू युनिटच्या नोंदीला, 16; आरएमआरआरला, म्हणजे राखीव मेमरीच्या नोंदीला, 24), आणि नोंद टेबलाबाहेर तर जात नाही ना. आतल्या डिव्हाइस स्कोपलाही (नोंद कोणत्या डिव्हाइसना लागू, त्या यादीलाही) हेच. तिथं लांबी 1 बाइटची, हे विसरू नका. डीआरएचडीचा पत्ता 0 असेल, किंवा तिथली कपॅबिलिटी रजिस्टरं (युनिटला काय जमतं ते सांगणारी) वाचल्यावर सगळे बिट 1 येत असतील, तर ते युनिट नाहीच असं धरा. लिनक्सही हेच तपासतो. पार्सर (टेबल वाचणारा कोड) साधा प्रोग्राम म्हणून वेगळा बांधा आणि खऱ्या मशीनवरून उतरवलेल्या टेबलांच्या डम्पमधले बाइट बिघडवून त्याला खाऊ घाला.

‘जुगाडानं सुरक्षा जाते.’ हे अर्धं खरं. आयओएमएमयूचं टेबल मोडकं असेल तर होस्ट (खरं मशीन) उठू द्या, पण गेस्टला (आभासी मशीनला) पीसीआय कार्ड थेट देणं नाकारा आणि लॉगमध्ये कारण लिहा. इंटरप्ट म्हणजे कार्डानं प्रोसेसरला मारलेली हाक. ती तपासणारं इंटरप्ट रिमॅपिंग नसताना कार्ड दिलं, तर गेस्ट त्याच्याकरवी होस्टवर नको ते इंटरप्ट सोडू शकतो. बाकी ठिकाणी सैल सोडायला हरकत नाही. काही यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) फर्मवेअर एक्झिट-बूट-सर्व्हिसेसनंतरही, म्हणजे बूटचं काम संपवून ताबा सोडल्यावरही, बूट सर्व्हिसेसच्या मेमरीत हात घालतात. झेन या हायपरवायझरमध्ये त्यासाठी ‘मॅपबीएस’ पर्याय आहे. थोडी मेमरी अडकते, इतकंच.

एका जागी मात्र कोडचा इलाज चालत नाही. इंटेल प्रोसेसरच्या फीचर कंट्रोल रजिस्टरात बायोसनं बिट 2 बंद ठेवून बिट 0 नं कुलूप घातलं, की रीसेट होईपर्यंत व्हीएमएक्स (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू करता येत नाही. तिथं ‘बायोस सेटअपमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा’ असा स्पष्ट संदेश द्या. जुन्या बोर्डावर दर वेळी लाइन गेल्यावर हेच होत असेल, तर आधी सीआर2032 सेल बदला. तो मेला की सेटिंग मूळपदावर जातं.