सावंतवाडीच्या वॉकवर आणि दुकानावर आलेल्या ‘फसवणूक’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

वॉक लांबला, पत्त्यांचे संच महाग, वॉक दुकानातच संपवला, लाकडी सीताफळाचा रंग उडाला, असं म्हणून पाचातले तीन स्टार तुम्ही कापलेत. त्यातले दोन आमच्याच चुकीने गेले.

दीड तासाचा वॉक म्हणून पैसे घेतले आणि राजवाडा, मोती तलाव, चितारआळी करता करता अडीच तास झाले. तुमच्या आई सोबत होत्या, त्यांना कुठे टेकायचंय का हेही विचारलं नाही. त्या दिवशी वॉक मीच घेतला होता, त्यामुळे दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. गंजिफाचा, म्हणजे गोल पत्त्यांच्या जुन्या खेळाचा, विषय निघाला की माझं घड्याळ बंद पडतं. दिवसा ज्याच्या हातात रामाचं पान तो आधी उतरणार, रात्री कृष्णवाला, हे भर उन्हात ऐकवायचं नसतं. आता तो भाग दुकानात पंख्याखाली, बाकावर बसून सांगतो.

दुसरी चूक मांडणीची. गंजिफाचे छापील आणि हाताने रंगवलेले संच एकाच फळीवर होते, चिठ्ठी नाही. छापील आता वेगळ्या कपाटात गेलेत, वर मोठ्या अक्षरात ‘छापील’ लिहिलंय.

पण ‘हेच इंटरनेटवर चौथाई किमतीत मिळतं’ हे पटत नाही. मिळतं ते छापील. हाताने केलेल्या दशावतारी संचात 10 अवतार, प्रत्येकाची 12 पानं, म्हणजे 120 गोल पानं. कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडू लावायचा, घोटायचं, मग मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेक पान कुंचल्याने रंगवायचं, वर लाखेचा हात. ही कला येणारे हात संपत आले होते, तेव्हा 1970च्या दशकात इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच ती पुन्हा उभी केली. आम्ही सांगतो त्या किमतीला 120ने भागा. एका पानाच्या त्या रकमेत तुम्ही स्वतः एक मत्स्य रंगवाल का?

वॉक दुकानात संपतो हे खरं. पाणी आणि स्वच्छतागृह इथेच आहे. घ्याच असं कोणी म्हटलं नव्हतं.

राहिला लाकडी सीताफळाचा उडालेला रंग. तुम्ही ते धुतलंत. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, ही फळं शोभेची, पाण्यात घालायची नाहीत. देतानाच सांगायला हवं होतं. म्हणजे गेलेले अडीच स्टार आमचेच धरा. सीताफळ पाठवून द्या, कारागिराकडून रंगवून परत पाठवतो. दोन्ही वेळचं टपाल आमच्याकडे.